उच्च रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचे विकार

उच्च रक्तदाब हा बहुधा कोणत्याही वेदनेवाचून शरीरात शिरणारा विकार आहे. ताप येत नाही, भूक मंदावत नाही, नित्याचे कामही अडत नाही. त्यामुळे अनेकांना आपल्या विकाराचा पत्ता लागतो तो एकदम पक्षाघाताचा वा हृदयविकाराचा झटका आल्यावरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी व्यक्तींना हा विकार होता, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची जाणीवही नव्हती.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त धमन्यांत ढकलले जाते व दाब वाढतो. हृदय शिथिल होते तेव्हा तो उतरतो. पहिल्यास आकुंचनकालीन व दुसऱ्यास प्रसरणकालीन दाब म्हणतात. स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली घोड्याच्या धमनीत नळी बसवून दाब मोजल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली आणि १९०५ मध्ये कोरोत्कॉफ यांनी तिला श्रवणनलिकेची जोड दिली. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजणीत दाब १४०/९० अथवा त्याहून अधिक आढळल्यास तो सामान्यतः उच्च समजला जातो.

मोजणीपूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर व दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू वर्ज्य करावी. घाईघाईने घेतलेल्या एकाच मोजणीवर निदान करू नये.

कारणे

रक्तदाब दोन गोष्टींवर अवलंबून असतो : हृदय किती रक्त बाहेर टाकते आणि सूक्ष्म धमनिका त्या प्रवाहास किती विरोध करतात. धमनिकेची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाचा विरोध सोळा पटींनी वाढतो. धमनिका थोड्या आवळल्या तरी दाब का चढतो, हे यावरून ध्यानात येईल.

बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वाढते वय, मिठाचे अतिसेवन, लठ्ठपणा, मद्यपान व व्यायामाचा अभाव यांचा तो एकत्रित परिणाम असतो. उरलेल्या थोड्या रुग्णांत मूत्रपिंडाचे विकार, त्याच्या धमनीचे अरुंदपण, अधिवृक्क ग्रंथींचे विकार अथवा वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड व गर्भनिरोधक गोळ्यांसारखी औषधे कारणीभूत असतात. तरुण वयात दाब वाढलेला असल्यास अशा कारणांचा शोध अवश्य घ्यावा. गरोदरपणी वाढलेला दाब माता व बालक या दोघांनाही धोकादायक असल्याने प्रत्येक तपासणीच्या वेळी तो मोजलाच पाहिजे.

रक्तवाहिन्यांवर होणारे परिणाम

सततच्या दाबाने धमनीचे नाजूक अंतःअस्तर दुखावते. तेथे कोलेस्टेरॉल साचून थर बनतात, भिंत जाड व कठीण होते आणि मार्ग अरुंद होतो. तंबाखू व मधुमेह या प्रक्रियेस वेग देतात. पुढील हानी कोणत्या अवयवाची धमनी बाधित झाली यावर ठरते. मेंदूतील धमनी फुटल्यास वा तुंबल्यास पक्षाघात होतो. हृदयाची धमनी तुंबल्यास हृदयस्नायूचा भाग मृत होतो. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरी दुखते व थांबल्यावर राहते. दुर्लक्ष झाल्यास प्रसंगी पाय कापावा लागतो. नेत्रपटलाच्या वाहिन्या बिघडून दृष्टी जाऊ शकते. मूत्रपिंडाचे तर दुष्टचक्रच असते : दाबाने मूत्रपिंड निकामी होत जाते आणि निकामी मूत्रपिंड दाब आणखी वाढवते.

उपचार

पहिला उपचार स्वयंपाकघरात आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ घ्यावे. गोमंतक व कोकणपट्टीत ताटात वरून वाढलेल्या मिठापेक्षा खारवलेली सुकी मासळी, लोणची व पापड यांतून जाणाऱ्या मिठाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. भाज्या, फळे व कडधान्ये वाढवावी, वजन घटवावे, रोज अर्धा तास भरभर चालावे, तंबाखू सोडावी.

औषधांच्या इतिहासात भारताचे नाव मानाने घेतले जाते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणांविषयी लेख प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याने काही रुग्णांना तीव्र खिन्नता येऊ लागल्याने व पुढे अधिक चांगली औषधे मिळाल्याने त्याचा वापर मागे पडला. यास्तव सर्पगंधेची मुळी आपल्या मनाने घेणे योग्य नव्हे. आज मूत्रल औषधे, धमन्या सैल करणारी अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधे व मूत्रपिंडाशी निगडित संप्रेरकांचा प्रभाव रोखणारी औषधे प्रामुख्याने दिली जातात. अनेकांना दोन औषधे एकत्र लागतात. दाब १४०/९० च्या खाली आणणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते; हृदयविकार, मधुमेह वा मूत्रपिंडविकार असल्यास वरचा आकडा १३० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. आकुंचनकालीन दाब दहा अंकांनी उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटतो.

औषध मध्येच सोडण्याचा धोका

रुग्णांची सर्वांत घातक समजूत अशी, की दाब उतरला म्हणजे रोग गेला. दाब उतरलेला असतो तो औषधामुळे. गोळी थांबली की तो बहुधा पुन्हा चढतो, आणि तोही मुकाट्याने. काही औषधे एकाएकी बंद केल्यास दाब धोकादायक रीतीने उसळतो. पायांवर सूज, कोरडा खोकला वा चक्कर असा त्रास झाल्यास गोळी टाकून न देता वैद्यांस सांगावे. पर्यायी औषध मिळू शकते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, वाचा अडखळणे वा छातीत दुखणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाने वर्षातून एकदा तरी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा आणि कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्या संपण्यापूर्वी नव्या आणल्या जातात ना, याकडे घरातील कर्त्या माणसांनी लक्ष ठेवावे. दोन मिनिटांची ही तपासणी अनेक घरांवरचे संकट टाळू शकते.