ऑर्गनचा घुमारा

बीड जिल्ह्यांतील ज्या वाचकांनीं जुन्या बारवेंत उतरून टाळी वाजविली असेल, त्यांस हा पाठ कठीण जाणार नाहीं. टाळी एकच, पण तिचा आवाज दगडांवर आपटत, विरत विरत, क्षणभर मागें राहतो. ह्यासच येथें घुमारा म्हटलें आहे. विजापूरच्या गोलघुमटांत एकच शब्द सुटासुटा पुनःपुन्हा ऐकूं येतो, तो प्रतिध्वनि होय. घुमाऱ्यांत असे तुकडे पडत नाहींत.

नळ्यांचा ऑर्गन खेड्यांतील उपासनामंदिरांत कोठून येणार? आपल्या वांट्यास पेटीच आली. परंतु हल्लीं ग्रँडऑर्ग नांवाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. खऱ्या ऑर्गनच्या एकेका नळीचे मुद्रित केलेले स्वर तींत भरतां येतात, आणि संगणकास जोडलेल्या कीबोर्डाची पट्टी दाबली कीं ते वाजतात. मुद्रण नळीजवळून केलें असल्यास स्वर मात्र कोरडा लागतो. त्यास घुमारा देण्याची युक्ति मोठी मौजेची आहे.

एखाद्या विशाल मंदिरांत फुगा फोडावा, आणि तो आवाज पुरता विरेपर्यंत जें ऐकूं येईल तें मुद्रित करावें. ती त्या इमारतीची जणूं सही झाली. संगणकांत एका सेकंदाचा ध्वनि बहुधा ४८,००० आंकड्यांनीं मांडतात. वाजणाऱ्या प्रत्येक आंकड्यामागें ती सबंध सही त्या त्या मापानें लावावयाची व सर्वांची बेरीज करावयाची. सही ४ सेकंदांची असल्यास तींत १,९२,००० आंकडे येतात. म्हणजे सरळ हिशेबानें दर सेकंदास ९२१ कोटींहून अधिक गुणाकार! कूली व ट्यूकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितरीतीनें हें ओझें पुष्कळ हलकें होतें. पुढें १९९५ सालीं विल्यम गार्डनर यांनीं सहीचे लहानमोठे तुकडे पाडून, वाजविणाऱ्याचा खोळंबा न होतां तेंच काम करण्याचा मार्ग दाखविला.

ग्रँडऑर्गच्या सेटिंग्जमध्यें रिव्हर्ब या सदराखालीं घुमारा चालू करून सहीची फाइल निवडावी, व गेन प्रथम अगदीं कमी ठेवावा. ध्वनीच्या मांडणींत बफर १,०२४ असेल तर स्वर त्यामुळें सुमारें २१ सहस्रांश सेकंद उशिरां येतो. २५६ केल्यास पांचच. आवाज तडतडूं लागला तर बफर वाढवावा. संगणक थकला असें समजावें.

मीं स्वतः आरंभीं एक चूक केली. स्वरसंग्रहांत मूळ मंदिराचा घुमारा आधींच मुद्रित होता, त्यावर मीं दुसरा चढविला. ऐकावयास भव्य, पण गाणाऱ्यांस कडव्याचे शब्द कळेनात, आणि दुसऱ्या कडव्यापासून अर्धी मंडळी मागें पडली. म्हणून संग्रह कोरडा कीं घुमाऱ्यासह, हें प्रथम पाहावें. पत्र्याच्या छपराची व गिलाव्याच्या भिंतींची खोली स्वतःचाही घुमारा घालीत असते, हेंही विसरूं नये.

हार्वर्डचे वॉलेस सेबाइन यांनीं १८९५ पासून बैठकीच्या गाद्या आंत-बाहेर नेऊन दाखविलें कीं, मऊ वस्तु घुमारा शोषून घेतात. माणसेंही तेंच करितात. शनिवारीं रिकाम्या खोलींत बेताचा वाटलेला आवाज रविवारीं भरल्या मंडळींत कोरडा वाटेल. तेव्हां गेन लोक बसल्यावरच ठरवावा, आणि शेवटच्या रांगेंत उभें राहून एक कडवें ऐकावें.