आगमनकाळ : वाट पाहणाऱ्यांची प्रार्थना

वाचन : लूक १:५-२५, ५७-८०



आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभेचे नवे उपासना वर्ष सुरू होते. वेदीवर जांभळा रंग येतो. रविवारच्या मिस्सामध्ये 'ग्लोरिया' गायले जात नाही, 'आलेलुया' मात्र चालू राहते. प्रायश्चित्तकाळात तेही थांबते. यावरून या काळाचा सूर ओळखावा : मन शुद्ध करायचे, पण आशा सोडायची नाही.

परंतु घराची रंगरंगोटी, गोठा, तारा आणि खरेदी यांत चार आठवडे कसे सरतात ते कळत नाही. त्यातच कित्येकांच्या मनात एक प्रश्न दबून असतो : इतकी वर्षे प्रार्थना करतो आहोत, देव ऐकतो का? कुणाच्या घरी अजून पाळणा हललेला नाही, कुणाचे आजारपण सरत नाही, कुणाचा मुलगा दारू सोडत नाही. अशा घरांसाठी १९ डिसेंबरच्या दैनिक मिस्सामध्ये जखऱ्या आणि अलीशिबा यांची हकिगत वाचली जाते.

देवाने टाकलेली माणसे नव्हेत

दोघेही वृद्ध आणि निपुत्रिक. त्या काळी हे लांच्छन मानले जाई. लूक मात्र आधीच सांगतो, की दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते. म्हणजे मागणे पुरे झाले नाही, ही शिक्षा नव्हती. आपल्या धर्मग्रामात कुणाच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधण्याआधी हे वाक्य आठवावे.

बाहेर उभे असलेले लोक

चिठ्ठी निघाली आणि जखऱ्या धूप जाळण्यासाठी मंदिरात गेला. गाब्रिएल देवदूताने त्याची प्रार्थना ऐकली गेल्याचे सांगितले; पण जखऱ्याला ते खरे वाटेना. वाट पाहून पाहून त्याचा विश्वास थकला होता. तरीही त्याने सेवा सोडली नव्हती. आणि त्याच वेळी बाहेर सारा लोकसमुदाय प्रार्थना करीत होता. एकाचा विश्वास थकतो तेव्हा इतरांची प्रार्थना त्याला आधार देते. रविवारी आपण एकत्र जमतो, ते यासाठीही.

मौनानंतरचे गीत

बाळाचे नाव ठेवेपर्यंत जखऱ्या मुका राहिला. पाटीवर 'योहान' हे नाव लिहिले आणि त्याची वाचा मोकळी झाली. त्याचे पहिले शब्द देवाच्या स्तुतीचे होते. त्या गीतात तो आधी साऱ्या लोकांच्या तारणाबद्दल बोलतो, आपल्या मुलाबद्दल नंतर. एका मुलासाठी केलेली प्रार्थना मौनात एवढी मोठी झाली! हेच गीत ख्रिस्तसभा रोजच्या प्रातःप्रार्थनेत म्हणते.

प्रत्येक मागणे मागितले तसेच मिळेल, असे वचन देवाने दिलेले नाही. त्याने दिलेले वचन इम्मानुएलचे आहे : देव आपल्याबरोबर असेल. मिळाले तरी आणि न मिळाले तरी तो आपल्याबरोबर आहे, ही आगमनकाळाची आशा.

या आठवड्यात आपण काय करू या?

१. एका संध्याकाळी टीव्ही बंद करून कुटुंबाने वरील वाचन करावे आणि पाच मिनिटे शांत बसावे.

२. जे मागणे आपण थकून सोडून दिले आहे, ते पुन्हा प्रभूपुढे ठेवावे.

३. वाट पाहून थकलेल्या एका शेजाऱ्याकडे जावे. उपदेश करू नये. त्याचे ऐकावे आणि त्याच्यासाठी रोझरीचा एक दशक म्हणावा.

४. नाताळच्या आदल्या दिवसाची गर्दी टाळून पापनिवेदन आधीच करावे.

प्रार्थना : हे प्रभो, आमची आशा थकते तेव्हा आम्हांला एकमेकांचा आधार होऊ दे. तू येशील, या विश्वासात आम्हांला जागे ठेव. आमेन.