न दुखणारी जखम

पवनी
आषाढ

चि. बाबू यास,


तुझ्या गावची एक बाई काल बाजारात भेटली. हसत हसत म्हणाली, तुमचा पोरगा बांधीत रोवणीला उभा होता, पायाच्या करंगळीतून रक्त वाहत होतं अन् त्याला पत्ताच नव्हता. मला भाजी घेणं सुचेना. तुला फोन केला तर तूच मला समजावतोस, "दुखत नाही ना मावशी, मग कशाला घाबरतेस?" दुखत नाही म्हणूनच घाबरते रे!

वर मोबाइलवर शोधून रोगाचं नावही सांगतोस, एनहम. करंगळीच्या मुळाशी खालून खाच पडते, ती वळसा घालून आवळत जाते, आतलं हाड झिजतं आणि शेवटी बोट गळून पडतं. १८६७ साली ब्राझीलमधल्या एका डॉक्टरानं तो रोग लिहून ठेवला. नोकरीभर मी त्याचा एकही रोगी पाहिला नाही. आणि त्यात बहुधा बोट ठणकतं. तुझं ठणकतं का? शिवाय तशीच खाच कुष्ठरोगातही पडू शकते. दूरदेशीचा दुर्मिळ रोग तुला चालतो, आपल्या भागातल्या रोगाचं नाव तेवढं तोंडातून निघत नाही. २००५ च्या शेवटी देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रोगी उरले म्हणून जाहीर झालं, आणि लोक धरून चालले की रोग गेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतून तो गेलेला नाही.

पिंडरीवरचा तो फिकट चट्टा दिवाळीतच मला दिसला होता. तू पायजमा खाली ओढलास. डोळे मीट आणि कुणाला तरी बॉलपेनचं टोक चट्ट्याला, तळव्याला, प्रत्येक बोटाला हळूच लावायला सांग. कळतं का? घोट्याच्या आतल्या बाजूची नस मार खाते तेव्हा तळवा बधिर होतो. मग काटा रुततो, चिखल जातो, जखम हाडापर्यंत पोचते, आणि माणूस म्हणतो काही दुखत नाही. साखरेच्या आजारातही पाय असे बधिर होतात, तेही तपासतील. पण दाखव तर खरं!

मोठे आजोबा तुला ऐकून माहीत आहेत, त्यांनाही हाच रोग होता. ओसरीच्या टोकाला बसत, ताट वेगळं. ताट मी नेऊन द्यायची, ठेवलं की पळायची. ते नावानं हाक मारत, मी वळून बघत नसे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून अशा रोग्यांसाठी घर उघडलं होतं. आजोबांना तिथं न्यावं, हे आपल्या घरात कुणाला सुचलं नाही. पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं, त्यांच्यापासून भिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तोवर ते गेले होते.

तुझ्यासाठी गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट. सहा महिने नाहीतर वर्षभर. सुरू केल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. लघवी लालसर होईल, कातडी काळवंडेल, घाबरून सोडू नको. मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, नस ठणकली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. बधिरपण सहा महिन्यांच्या आतलं असेल तर औषधानं संवेदना परतही येऊ शकते. म्हणून पुन्हा विचारते, बोटाला कळेनासं कधीपासून झालं? खरं सांग.

लग्नाच्या बोलण्यांमुळे लपवतोस, हे मला कळतं. हा रोग घटस्फोटाचं कारण धरला जायचा. २०१९ मध्ये ते कलम कायद्यातून काढलं. लोकांच्या मनातून काढायला वेळ लागेल, पण मुलीकडच्यांशी मी बोलेन. तू चोर असल्यासारखा वागू नको.

फार बोलले. लहानपणी तुझा काटा मीच काढायची, तू गाव गोळा करायचास. आता तसा ओरडलास तर मी पेढे वाटेन.

सोमवारी पहिल्या गाडीनं येते. तोवर बांधीत उतरू नको, रोवणीला दुसरा गडी बघायला तुझ्या बापाला मी सांगते. आपण साकोलीला दवाखान्यात जाऊ, चिठ्ठी मी काढते, तू नुसता बाकावर बसून राहा. तुझ्या आईजवळ बोलू नको, रडत बसेल. आणि मी रागावले म्हणून फोन बंद करू नको रे बाबू.

तुझी,
मावशी