कपाटाची किल्ली मुलांकडे द्या

प्रश्न : कोल्हापुरातल्या आमच्या प्राथमिक शाळेत गोष्टींची पुस्तकं आहेत, पण मुलं वाचत नाहीत. काय करावं? – एक शिक्षिका

उत्तर : आधी पुस्तकं कुठे आहेत ते पाहावं. बऱ्याच शाळांत ती कुलूपबंद असतात. फाटली तर भरून कोण देणार, ही धास्ती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे, तेही गोष्टींच्या पुस्तकांसह. हाताळून चार पुस्तकं फाटली तर फाटू द्यावीत.

वर्गात सुतळी बांधून चिमट्यांनी पुस्तकं टांगावीत. मुखपृष्ठावरचं चित्र दिसलं की मूल थबकतं. चौथीच्या मुलांनी पहिलीतल्यांना वाचून दाखवावं. एरवी अडखळणारा मुलगाही लहानग्यासमोर वाघाचा आवाज काढून वाचतो. देवघेवीची वही मुलांनीच सांभाळावी. वाचल्यावर सारांश मात्र मागू नये. तिथेच गोडी संपते.

सुरुवातीला माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं आणि बालभारतीचं १९७१ पासूनचं ‘किशोर’ मासिक ठेवावं.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात, पुस्तकं परत कपाटात जातात! त्यापेक्षा आठवड्याला एक तासिका राखून ठेवलेली बरी.

शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. आधी विचारून घ्या आणि पुढच्या सहलीत मुलांना तिथे जरूर न्या.