सोसलं कुणी?

आजचं वाचन: १ करिंथ १३:४-७

रेव्ह. ना. वा. टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावला जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. मग त्या परत आल्या, पण सुरुवातीला सोवळं पाळतच. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळक तसे तापटच! 'स्मृतिचित्रे' वाचताना वाटतं, सोशिक प्रीती शिकावी ती लक्ष्मीबाईंकडून.

माझ्या बाप्तिस्म्यापासून आई मोजकंच बोलते. सोसतेय ती मीच, असं मी धरून चालले होते. वाडीत तिला काय काय ऐकावं लागलं, हे कधी विचारलंच नाही. आज प्रार्थना झाली की तिला फोन करणार आहे. साक्ष द्यायची नाही, नुसतं ऐकायचं.