संगणकाचे श्रमदान : पाणीवापर संस्थेचे दप्तर



चारीतील गाळ काढणे, बांध घालणे, शाळेच्या आवारात झाडे लावणे अशा कामांसाठी श्रमदान करणे आपल्याला नवीन नाही. आता आपल्याच घरातील मुलामुलींना संगणक चांगला येतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नाशिकला राहणारी ही मुले रविवारी गावी येतात. त्यांचे दोन तास पाणीवापर संस्थेच्या किंवा बचत गटाच्या दप्तरासाठी मिळाले, तर तेही श्रमदानच होय. मात्र चारीतला गाळ नीट निघाला नाही तर पाणी आल्यावर लगेच कळते. तक्त्यातली चूक तशी कळत नाही, वर्ष वर्ष दडून राहते. म्हणून ही सेवा कशी घ्यावी आणि कशी द्यावी, याचा विचार येथे केला आहे.

नाशिक शहराला अशी सेवा माहीत आहे. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी नाशिकचेच असलेले आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये काम करणारे शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला. गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर विद्यार्थी व अभियंत्यांनी एकत्र येऊन काम केले. पाणीवापर संस्थेचे काम इतके मोठे नसते, पण ते दर आवर्तनाला करावे लागते. उत्साह संपल्यावरही ते चालू राहिले पाहिजे, अडचण तेथेच आहे.

हिशेबावर उभी असलेली संस्था

दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पाचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. कालव्याच्या शेवटच्या भागात पाणी पोहोचत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस शेतकऱ्यांना संघटित केले आणि बाणगंगा, जय योगेश्वर व महात्मा फुले या संस्था उभ्या राहिल्या. पुढे प्रकल्पावरील इतर भागांतही संस्था झाल्या. २००५ च्या कायद्याने राज्यात संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी देण्याची तरतूद झाली. संचालक मंडळावर कालव्याच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागातील सभासद सारख्या संख्येने असावेत, असेही या कायद्यात आहे.

पाणी मोजून मिळते, तेव्हा वाटपही मोजून दाखवावे लागते. टेलच्या सभासदाला आपल्या वाट्याचे पाणी मिळाले की नाही, याचा पुरावा पाटकऱ्याची वही हाच असतो. संगणकावर जे चढवायचे ते याच वहीतून.

माझ्याकडून झालेली चूक

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका संस्थेला मी असा तक्ता करून दिला होता. पाटकरी वहीत ६.३० असे लिहीत असे, म्हणजे साडेसहा तास. मी तो आकडा तसाच भरला. संगणकाने त्याचा अर्थ ६ पूर्णांक ३ दशांश तास, म्हणजे ६ तास १८ मिनिटे असा घेतला. चारीचा विसर्ग सेकंदाला ३० लिटर धरला तर साडेसहा तासांत ७०२ घनमीटर पाणी जाते. माझ्या तक्त्यात ६८०.४ घनमीटर आले. एका पाळीत २१,६०० लिटर पाणी कागदावरून नाहीसे झाले! ज्यांच्या पाळ्या पूर्ण तासांच्या होत्या त्यांचे बिल बरोबर आणि अर्ध्या तासाच्या पाळीचे कमी, असा प्रकार झाला. शिवाय सभासदांचे एकूण पाणी कमी भरल्याने चारीतील गळती वाढलेली दिसली आणि बोल पाटकऱ्याला लागला. मी तोपर्यंत दुसऱ्या गावी नोकरीला गेलो होतो. तक्त्याला घातलेला पासवर्डही माझ्याजवळच होता. संस्थेने पुन्हा वही उघडली, ते योग्यच केले.

क्षेत्राच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. सातबाऱ्यावरील १ हेक्टर ५ आर हे क्षेत्र १.०५ असे लिहिले पाहिजे. घाईत १.५ लिहिले की ते १ हेक्टर ५० आर होते आणि सभासदाला ४५ आर क्षेत्राची जादा आकारणी होते. म्हणून तास व मिनिटे यांचे दोन वेगळे रकाने करावेत. हेक्टर व आर यांचेही तसेच. पाण्याचे सूत्र सोपे आहे. तासांना ६० ने गुणून त्यात मिनिटे मिळवावीत. आलेल्या मिनिटांना पुन्हा ६० ने व सेकंदाला लिटरमधील विसर्गाने गुणावे आणि १,००० ने भागावे. उत्तर घनमीटरमध्ये येते. विसर्ग क्युसेकमध्ये दिला असेल तर १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर.

हे नीट जमले, तर तक्ता वहीपेक्षा अधिक काही सांगतो. समजा, एका आवर्तनात संस्थेच्या मापकावर १८,००० घनमीटर पाणी आले आणि सभासदांच्या पाळ्यांची बेरीज १५,३०० झाली. फरक २,७०० घनमीटर, म्हणजे १५ टक्के. हा फरक चारीच्या कोणत्या भागात पडतो, हे भागवार बेरजेवरून शोधता येते आणि गाळ व गवत काढण्याचे श्रमदान नेमके तेथे करता येते.

मदत घेताना

अक्षरे युनिकोडमध्येच टाईप करावीत. जुन्या फॉन्टमधील नावे दुसऱ्या संगणकावर उघडली की वाचता येत नाहीत. लिबर ऑफिस ही आज्ञावली विनामूल्य असून मराठीतूनही वापरता येते. लहान संस्थेला तेवढी पुरते.

पासवर्ड सचिवाजवळ असावा आणि बंद पाकिटात घालून तो संस्थेच्या कपाटातही ठेवावा. तक्त्याची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. सभासदांचे आधार व बँक खात्याचे क्रमांक मदतनीसाच्या मोबाईलमध्ये राहू देऊ नयेत, गटावर तर मुळीच टाकू नयेत. मदत करणाऱ्या मुलाने पैशाला हात लावू नये, पावतीवर सही करू नये. पुढे वाद झाल्यास त्याचेही त्यात भलेच आहे.

गावातील निदान दोघांना हे काम शिकवावे. त्यांपैकी एक महिला सभासद असावी, असे मी सुचवीन. बचत गटाची वही लिहिणाऱ्या भगिनींचा आकड्यांचा हात बहुधा आपल्यापेक्षा स्वच्छ असतो. शिकवणाऱ्याने संगणकापुढे स्वतः न बसता बाजूला बसून सांगावे. वेळ दुप्पट लागेल, लागू द्यावा. नंतर एका आवर्तनाचा हिशेब त्याच्या मदतीशिवाय पूर्ण झाला, तरच काम संस्थेकडे आले असे समजावे.

पहिल्या आवर्तनात वही व संगणक दोन्ही चालू ठेवावेत. आवर्तन संपल्यावर प्रत्येक सभासदाची पाळी, तास, मिनिटे, घनमीटर व पाणीपट्टी यांची यादी छापून संस्थेच्या फलकावर आठ दिवस लावावी आणि हरकती लिहून घ्याव्यात. शेवटच्या भागातील सभासदांना यादी वाचून दाखवावी. रब्बीचे पाणी मागणी अर्ज येण्यापूर्वीच तास व मिनिटे यांचे वेगळे रकाने असलेले कोरे कागद छापून घ्यावेत आणि पाटकऱ्याच्या हाती द्यावेत.