एका सिस्टरमागे किती पेशंट?

कर्करोगाच्या रुग्णाला मोठ्या शहरातील रुग्णालयात नेल्यावर कधी कधी तेथील डॉक्टर विचारतात, ‘‘एका औषधाची चाचणी चालू आहे, भाग घेणार का?’’ नातेवाईक मग गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. औषध कोणते, धोका किती, खर्च कोणाचा, हे प्रश्न बहुतेक जण विचारतात. पण आपल्या पेशंटकडे पाहणाऱ्या सिस्टरवर कामाचा बोजा किती, हे सहसा कोणी विचारत नाही.

चाचणी म्हटली की घाबरून जाऊ नये. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील सुमारे १६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचे स्वस्त औषध टोचले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के, तर घेतलेल्यांत ९०.१ टक्के होते. असे ज्ञान चाचणीशिवाय मिळत नाही.

सिस्टर काय करते?

वॉर्डातली सिस्टर इंजेक्शन, सलाईन, नाडी, ताप पाहते. चाचणीतल्या सिस्टरला याशिवाय बरेच काही असते. संमतीपत्र समजावून सांगताना मदत करणे, रुग्ण निकषात बसतो का ते तपासणे, ठरलेल्या मिनिटाला रक्त घेणे, उरलेल्या गोळ्या मोजणे, प्रत्येक त्रासाची नोंद करणे. नवे औषध माणसाला प्रथमच देतात तेव्हा डोस देण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागते. गंभीर दुष्परिणाम झाला तर २०१९ च्या नियमांनुसार मुख्य संशोधक डॉक्टरला २४ तासांत कळवावे लागते. त्या डॉक्टरला तो प्रथम कळतो तो बहुधा सिस्टरकडूनच.

नुसती डोकी मोजून भागत नाही

म्हणून ‘एका सिस्टरमागे इतके पेशंट’ हा हिशेब येथे फसतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात यासाठी १ ते ८ अशी श्रेणी तयार केली गेली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. सोप्या चाचणीला कमी गुण, पहिल्या टप्प्यातील औषधचाचणीला जास्त. प्रत्येक चाचणीचे गुण आणि तीतील रुग्ण यांवरून कामाचा अंदाज बांधतात.

आपण तासांत उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत.

पहिली चाचणी : १० रुग्ण, दर तीन आठवड्यांनी भेट, प्रत्येकी २ तास. आठवड्याला सुमारे ७ तास.

दुसरी चाचणी : नवे औषध, फक्त ४ रुग्ण, दर आठवड्याला भेट, प्रत्येकी ६ तास. आठवड्याला २४ तास.

तिसरी चाचणी : उपचार संपलेले ३० रुग्ण, तीन महिन्यांनी एकदा विचारपूस, प्रत्येकी १ तास. आठवड्याला सुमारे २ तास.

शिवाय आठवड्याला दोन नवे रुग्ण तपासायचे, प्रत्येकी ३ तास. त्यातला एखादा निकषात बसत नाही, तरी वेळ गेलेलाच. हे ६ तास.

एकूण ३९ तास. रुग्ण ४४, पण निम्म्याहून अधिक वेळ चौघांनाच लागतो. सिस्टरची ड्यूटी कागदावर ४८ तासांची असली, तरी रजा, प्रशिक्षण, बैठका यांत चौथा हिस्सा जातो असे धरले, तर हाती ३६ तास उरतात. म्हणजे एक सिस्टर पुरत नाही. ती आजारी पडली तर बदली कोण, हा प्रश्न वेगळाच.

कमी पडले तर काय होते?

आधी कागद मागे पडतात, मग फोन घेणे राहून जाते. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी ती तातडीची बाब असते. त्या रात्री फोन उचलला गेला नाही, तर जिवावर बेतू शकते. नोंदी चुकल्या तर चाचणीचा निष्कर्षही चुकतो, आणि त्याचा फटका पुढच्या रुग्णांना बसतो. म्हणून चाचणीचे अंदाजपत्रक करतानाच सिस्टरचे तास धरले पाहिजेत.

सही करण्यापूर्वी विचारा

१. आमची सिस्टर कोण? तिच्या रजेत कोण पाहील?
२. रात्री व सुट्टीच्या दिवशी कोणत्या नंबरवर फोन करायचा?
३. किती फेऱ्या होतील? कोणत्या तपासण्या गावी चालतील?

आणि आपल्या बाजूने एवढे करा. ताप, जुलाब, पुरळ यांची तारीखवार नोंद वहीत ठेवा. रिकामी पाकिटे आणि उरलेल्या गोळ्या परत न्या. दुसऱ्या कोणाचे औषध, काढा किंवा चूर्ण चालू असेल तर लपवू नका. गावातल्या डॉक्टरांना चाचणीचे कार्ड दाखवा. ताप आल्यास घरचीच गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.

चाचणीत भाग घेणे ऐच्छिक आहे, आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे. तेव्हा हे प्रश्न विचारताना संकोच नको. ज्या ठिकाणी त्यांची उत्तरे शांतपणे मिळतात, तेथे पेशंटकडे पाहायला माणसे आहेत असे समजायला हरकत नाही.